जीपला टर्बो आणि माझ्या हातात दगड

आमच्या घरात जीपमध्ये चढायचे नियम नाहीत, उतरायचे आहेत.

दर वर्षी बुद्ध पौर्णिमा झाली की आम्ही सगळे बाबांच्या जुन्या डिझेल जीपमधून अमरावतीहून चिखलदऱ्याला जातो. घाटात एक अवघड वळण आहे. तिथं जीप धापा टाकायला लागली की कुणी काही न सांगता आम्ही मागच्या दारातून पटापट उड्या मारतो. माझी बायको सुनंदा डबे धरते, कमलआत्या चपला हातात घेते, पोरं धक्का मारतात आणि मी चाकामागे दगड लावतो. (दगड घरचा आहे. घाटातल्या दगडांवर माझा भरवसा नाही, म्हणून तो सीटखाली ठेवून नेतो आणि परत आणतो.) बाबा तेवढे स्टिअरिंग धरून शांत बसलेले असतात.

यंदा मात्र त्यांनी जाहीर केलं, "कोनी न उतरता चढली त ठेवतो. नाई त अकोल्याच्या भंगारवाल्याले देऊन टाकतो."

माझं धाबं दणाणलं. याच जीपमधून मी शाळेत गेलो, याच जीपमधून माझी वरात निघाली. (वरातीतही पुलाच्या चढावर मी खाली उतरलो होतो, फेट्यासकट!) ती भंगारात गेली असती तर मला खरंच रडू आलं असतं.

त्याच सुमारास मोबाइलवर एका जपानी पोराचा व्हिडिओ दिसला. तो आपल्या रोटरी इंजिनाच्या गाडीला टर्बो बसवत होता. रोटरी म्हणजे पिस्टन नसतात, आत एक तिकोनी तुकडाच गरगर फिरतो. आणि टर्बो म्हणजे फुकट जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्या इंजिनात आणि आमच्या इंजिनात साम्य एवढंच, की दोन्ही काळा धूर सोडू शकतात. पण मी कॉलेजात भूगोल शिकवतो, त्यामुळे मला जपान जवळचं वाटलं.

जीप अकोल्याला सलीमभाईंच्या गॅरेजात नेली. त्यांनी एका मोडक्या पिकअपचा टर्बो काढून ठेवला होता. तो बसेना म्हणून बॅटरी सरकवली. बॅटरी सरकल्यावर हवेच्या फिल्टरला जागा उरेना, म्हणून फिल्टर वर घेतला. मग बॉनेट लागेना, म्हणून मी मोठ्या उत्साहानं बॉनेटलाच भोक पाडायला सांगितलं! जीपच्या कपाळावर पातेल्याएवढा फिल्टर उगवला. यात भाजी टाकायची की वरण, असं सुनंदानं विचारलं.

निघताना सलीमभाईंनी बजावलं, "सर, टर्बो पहले सोचता है, फिर भागता है. चढाव पे गाडी दबी तो घबराना नहीं. रेस देते रहना."

मी ते पाठ केलं. घरच्यांना सांगायची गरज मला वाटली नाही.

घाटात मी जीप चालवायला बसलो आणि बाबा परीक्षक म्हणून मागे बसले. वळण आलं. जीप दबली. टर्बो विचार करू लागला. मी घाबरलो नाही, रेस देत राहिलो. मग बॉनेटखालून शिट्टी वाजली आणि गाडी अशी सुसाट निघाली की माझी टोपी मागे गेली! "पाहा बाबा, कशी चढून राहिली!" मी ओरडलो. मागून उत्तर आलं नाही. बाबांचा कंठ दाटून आला असणार, असं समजून मी वर पोचेपर्यंत रोटरी इंजिनावर बोलत राहिलो.

वर जाऊन मागच्या दारातून डोकावलो, तर आत माझी टोपी आणि दगड!

खाली आलो तेव्हा सगळे झाडाखाली बसले होते. आत्याच्या हातात चपला होत्या. सगळ्यांबरोबर बाबाही उतरले होते, आयुष्यात पहिल्यांदा. "रिकामी त बैलगाडी बी चढते," असं म्हणून त्यांनी माझ्याकडून चावी घेतली.

आम्ही चढाच्या पायथ्याशी गेलो. मी सगळ्यांना बजावलं, गाडी दबली तरी कुणी हलायचं नाही. आत्याला दांडी धरायला लावली. पोरांना तिच्याकडे सोपवलं आणि मी स्वतः दाराशी, पहाऱ्याला बसलो.

वळण आलं. जीप दबली. सगळ्यांनी डोळे मिटून दांड्या धरल्या. टर्बो विचार करत होता. आणि मी रस्त्यावर वाकून, हातात दगड घेऊन, चाक शोधत होतो.

चाक जागेवर नव्हतं. शिट्टी वाजवत, धुराचा लोट सोडत आमची जीप अख्ख्या कुटुंबाला घेऊन घाट चढत होती, आणि मागच्या दारातून आत्या चपला हलवत होती. मी भर रस्त्यात नाचलो. मग दगड काखेत मारून चालू लागलो.

वर पोचलो तेव्हा बाबा बॉनेटवरून हात फिरवत उभे होते. एक जण उतरला होता, हे मला वाटेतच आठवलं होतं. मी घाबरत घाबरत अटीचं विचारलं.

बाबांनी आधी दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जीप राहू दे. भंगारात काई द्याचंच असन, त तुले देतो."

आत्या लगेच माझ्या मदतीला धावली. "दगडासकट दे दादा. वजन भरन."