रांजणवाडी आणि मामांचा झटका

माझ्या मामांइतकं धडधडीत खोटं इतक्या चांगल्या हेतूने बोलणारा माणूस अख्ख्या पालघर तालुक्यात नसेल. केळव्याला त्यांची नारळ-सुपारीची वाडी आहे, पण त्यांचं खरं लक्ष लोकांच्या पापण्यांवर. कुणाच्या पापणीच्या कडेला लाल, ठणकणारी पुळी दिसली की मामा शिंपणं अर्धवट टाकून येतात. "रांजणवाडी म्हंजे डोल्यावर बसलेला आलस हाय. जबर झटका दिला का उठून जातो," हे त्यांचं वैद्यक. बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेआधी मला रांजणवाडी झाली, तेव्हा मामांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "तुज्या आयशीला साप चावला." मी अनवाणी धावत घरी गेलो. आई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. मागून मामा कुंपणाशी येऊन उभे. "आता बग, बसली का नाय?" आईने हातातलं सूपच उगारलं. "दादा, माज्या जिवावर कशाला उठलास रे?"

एकदा मुंबईहून आलेल्या पाहुण्याचा सुजलेला डोळा पाहून मामा त्याला म्हणाले, "साहेब, तुमची गाडी भरतीत गेली." तो बिचारा शहाळं टाकून किनाऱ्याकडे पळाला. गाडी सुरूच्या झाडाखाली कोरडी उभी होती. परत येऊन तो जे बोलला ते मला लिहिता येणार नाही. मामा मात्र त्याच्या पापणीकडेच बघत होते. हार झाली ती फक्त बोईसरच्या एका कामगारापुढे. "तुम्हारा कंपनी बंद पड गया," असं सांगितल्यावर तो म्हणाला, "तो फिर मैं सो जाता हूँ, मामा," आणि खरंच झोपला. रोग्यातच दम नव्हता, असं मामांचं मत.

याच मामांनी मला कॉलेजात नेलं. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. प्रत्येक पेपरला ते ठेवणीतला सदरा घालून फाटकाबाहेर बसून राहायचे.

गेल्या वर्षी रांजणवाडी खुद्द मामांनाच झाली. मामी म्हणाली, "मी कायमची माहेरी चालले." मामा म्हणाले, "च्या ठेवून जा." शेजाऱ्यांनी सुपारीला आग लावून पाहिली, अर्थात तोंडी. मामा ढिम्म. डॉक्टरांनी गरम पाण्याने शेकायला सांगितलं होतं, ते काम माझ्याकडे आलं. मला नागपूरला नोकरी लागली होती, सोमवारी निघायचं होतं, आणि मामांना सांगायचा धीर होत नव्हता. मामीला मी आधीच सांगून ठेवलं होतं. शेवटी त्यांच्या डोळ्यावर फडकं धरलेलं असताना बोललो, "मामा, मी नागपूरला चाललो. नोकरीला."

मामा खदखदून हसले. "हा बेस हाय! पन आमी नाय फसत!"

"खरंच, मामा. तिकीट काढलंय."

हसू थोडा वेळ तसंच चेहऱ्यावर राहिलं. त्यांनी मामीकडे पाहिलं. मामी खाली बघत होती. मग मामांनी माझा हात बाजूला केला. आयुष्यात प्रथमच मी त्यांना हादरलेलं पाहिलं.

"अरे, असं एकदम सांगतात का कुनाला?"

मी फडकं पुन्हा गरम पाण्यात बुडवलं. ते पिळत असताना मामांनी विचारलं, "तिकडं मासे मिलतात का रं?"

मी निघालो त्या दिवशी रांजणवाडी जशीच्या तशी होती. मामी शेकत राहिली आणि काही दिवसांनी पुळी बसली, असं तिनेच मला फोनवर सांगितलं. मामांना मात्र शेक मान्य नाही. वाडीवर येणाऱ्याला ते पापणी दाखवून सांगतात, "आमच्या भाच्यानं बरी केली. पन झटका जरा मोटाच दिला त्यानं."