क्रेनवरचा पाळक

आमच्या ओतकामाच्या कारखान्यात त्याला सगळे पाळक म्हणायचे. ख्रिस्ती मंडळीत उपासना चालवणाऱ्याला पाळक म्हणतात, हे मला त्याच्यामुळेच कळलं. हा काही खरा पाळक नव्हता, हा क्रेनवाला. छपराखालच्या दोन रुळांवरून सरकणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये, जमिनीपासून चाळीस फूट वर, त्याने एकवीस वर्षं काढली. त्यातली एकोणीस वर्षं खाली उभा राहून त्याला हाताने इशारे करणारा माणूस मी. भट्टी, पंखे आणि हातोडे यांच्या गोंगाटात इथे स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, त्यामुळे आमचं सगळं बोलणं हातांचं. माझी बायको म्हणते, घरीसुद्धा मी हातवारेच करतो.

काम असं, की क्रेनच्या हुकाला लेडल लटकते. लेडल म्हणजे वितळलेलं लोखंड भरलेली बादली, पण आंघोळीची नव्हे; आत माणूस उभा राहील एवढी. ती भट्टीपासून साच्यांपर्यंत न्यायची आणि साच्याच्या तोंडावर नेमकी आणून थांबवायची. वर बसलेल्याला साच्याचं तोंड दिसत नाही, कारण लेडलच आड येते. तो बघतो फक्त मला. मी सांगेन तेव्हा वर, सांगेन तेव्हा खाली. इशारा नाही तर हालचाल नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम.

पाळी सुरू व्हायच्या आधी चहाच्या खोलीत पाळकाचं मनन चाले. भिंतीवर एक फळा होता. त्यावर पूर्वी कोणाची पाळी कधी ते लिहायचे, तो पाळकाने बळकावला. घरी पहाटे उठून बायबलमधलं एक वचन वाचायचं, त्यावर विचार करायचा, वचन पाठ करायचं आणि इथे येऊन विचाराचं सार चार-पाच ओळींत खडूने लिहायचं. उपासनेचा दिवस सोडला तर एक दिवस चुकला नाही. एकदा ताप अंगात घेऊन आला, लिहिलं आणि तसाच परत गेला.

मी देवाधर्माच्या वाटेला न जाणारा माणूस. तरी चहाचा कप हातात घेऊन फळा वाचायचो, कारण त्याचं लिहिणं उपदेशासारखं नसे. ‘आवडलेली आज्ञा पाळणं म्हणजे आज्ञापालन नव्हे. आवडलेलं आपण आज्ञेशिवायही करतो.’ हे एकदा लिहिलं होतं, ते मी घरी जाऊन मुलीला ऐकवलं. तिने ते दुसऱ्या दिवशी माझ्यावरच उलटवलं. दुसऱ्या एका दिवशी होतं, ‘देवाने सगळा रस्ता दाखवला असता तर भरवसा ठेवायला उरलं काय असतं?’ भट्टीवाला त्याची रोज खेचायचा. म्हणायचा, “पाळक, एवढी ओळख आहे तर त्याला सांग ना, हा पंखा तेवढा दुरुस्त कर.” पाळक चहा फुंकत म्हणायचा, “तो अर्ज मेन्टेनन्सकडे द्यायचा. प्रभू दुसऱ्याच्या खात्यात ढवळाढवळ करत नाही.”

मी एकदा विचारलं, “तुझा भरवसा नक्की कोणावर? त्याच्यावर का माझ्यावर?”

“दोघांवर. वर तो, खाली तू.”

“आणि मी चुकलो तर?”

“तू चुकशीलच. म्हणून तर दोघं ठेवलेत.”

असा हा नाकासमोर चालणारा माणूस. आता त्याची चूक सांगतो, आणि माझीही. माझी मोठी आहे, पण ती मला फार उशिरा दिसली.

त्या वर्षी फळ्यावरची अक्षरं मोठी व्हायला लागली. आधी पाच ओळी बसायच्या, मग तीन, मग दोन. भट्टीवाला म्हणाला, “पाळकाचा विश्वास आटत चाललाय.” सगळे हसले. मी हसलो नाही, कारण क्रेनवर काय चाललंय ते मला खालून दिसत होतं. माझा इशारा आणि क्रेनची हालचाल यांच्यात आधी डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ जात नसे. आता जायला लागला. तो केबिनमधून पुढे वाकून बघायचा, मग मान एका बाजूला तिरकी करून बघायचा. समोरचं बरोबर मधलंच त्याला दिसत नव्हतं.

मी काय केलं? बाजारात जाऊन भडक नारिंगी रंगाचे हातमोजे आणले. करड्या मोज्यांपेक्षा हे लांबून ठळक दिसतात. मग मी उभं राहायची जागा बदलली, उजेडात आलो. इशारे मोठे करायला लागलो, पोहणाऱ्यासारखे हात फेकायला लागलो. मला वाटत होतं, मी मित्राला सांभाळून घेतोय. त्याने मोज्यांबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. मीही मूग गिळून गप्प बसलो. असे आठ महिने गेले.

मध्ये कारखान्याची डोळेतपासणी झाली. क्रेनवाल्यांची दरवर्षी होते. तक्ता तोच, अकरा ओळींचा, कित्येक वर्षं त्याच भिंतीवर लटकलेला. पाळक आत गेला, पाच मिनिटांत पास होऊन बाहेर आला. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, मीच उगाच शंका घेत होतो. जो माणूस रोज एक वचन तोंडपाठ करतो त्याला अकरा ओळी म्हणजे किती, हा विचार मला तेव्हा शिवलाच नाही. किंवा शिवू दिला नाही, असं म्हणतो.

ज्या दिवशी सगळं उघडं पडलं त्या दिवशी आम्ही तीन नंबरच्या साच्यावर लेडल आणत होतो. तिथली आमची पद्धत ठरलेली. लेडल साच्यावर आली की मी हात दोनदा खाली करायचो, ती दोन टप्प्यांत उतरायची. एकदा खाली केला. लेडल उतरली. तेवढ्यात साचेवाला माझ्या बाजूने पुढे सरकला आणि साच्यापाशी गुडघ्यांवर बसून आत बघायला लागला. त्याला काहीतरी तडा दिसला होता. माझ्याकडे पाठ, लेडलकडे पाठ. मी हात आडवा धरला. थांब.

लेडल पुन्हा उतरायला लागली.

मी दोन्ही हात आडवे केले. मग ओरडलो, ज्याचा उपयोग नाही हे माहीत असून. लेडल येतच होती, साचेवाल्याच्या डोक्यापासून माझ्या उंचीएवढीही राहिली नव्हती. खांबावर क्रेनची वीज तोडणारं लाल बटण असतं. मी धावलो आणि त्यावर मूठ मारली. क्रेन गचकन थांबली, लेडल झोकांडली, काठावरून ओंजळभर लोखंड सांडून वाळूत फुटलं. साचेवाल्याच्या बुटाला भोक पडलं, पाय वाचला. तो मागे वळला, त्याने वर बघितलं आणि तो तिथेच वाळूत बसला. त्याला उठवायला दोघं लागले.

पाळक शिडीवरून उतरला. बेचाळीस पायऱ्या. प्रत्येक पायरी पायाने चाचपत येत होता. सरळ साचेवाल्यापाशी गेला, वाकून त्याचा पाय हातांनी तपासला, त्याची माफी मागितली. मग मला म्हणाला, “चहाच्या खोलीत चल.”

खोलीत आम्ही दोघंच. मी दार लावलं आणि माझा तोल सुटला.

“दिसलं नाही तुला?”

“हात दिसला. कुठला इशारा ते कळलं नाही. तीन नंबरला तू दोनदा खाली करतोस. मला वाटलं, ते दुसरं खाली.”

“वाटलं? चौदाशे डिग्रीचं लोखंड आहे त्यात आणि तुला वाटलं?”

तो बाकावर बसला. चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला, काही फरक पडला नसावा. म्हणाला, “डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही. सकाळचं वचनसुद्धा आता बायको वाचून दाखवते, मी ऐकून पाठ करतो.”

“मग उतरायचं नाही खाली?”

“रोज विचारत होतो. गुडघे टेकून. प्रभू, उतरू का? तुझी आज्ञा होईल त्या दिवशी उतरेन. या जागेवर त्याने बसवलंय, त्याने सांगितल्याशिवाय उठणं म्हणजे आज्ञा मोडणं, असं धरून चाललो होतो. उत्तर आलं नाही.”

“आणि तो डोळ्यांचा तक्ता? तोही त्यानेच पाठ करायला सांगितला?”

मी हे लागावं म्हणूनच बोललो आणि ते लागलं.

“नाही. ते मी केलं. पाप आहे हे करतानाच माहीत होतं.” मग त्याने विचारलं, “तुला केव्हापासून माहीत आहे?”

खोटं बोलता आलं असतं. “आठ महिने.”

“म्हणून ते मोजे.”

“म्हणून.”

मला वाटलं, आता हा उसळणार. मी मनात उत्तरं तयार केली होती: तुझी निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती, तुला केबिनशिवाय करमलं नसतं, वहिनी काय म्हणाल्या असत्या. तो उसळला नाही. अगदी रोजच्या आवाजात बोलला.

“आठ महिने मी वर बघून विचारत होतो, थांबू का? आणि थांब म्हणणं ज्याचं कामच आहे, तो खाली उभा होता. त्याला मी एकदाही विचारलं नाही.”

“मी काय देवाचा माणूस आहे?”

“ते मला काय माहीत? तो कोणाकडून निरोप पाठवतो, हे ठरवणारा मी कोण? पण खरं सांगू? देवाला विचारत राहिलो, कारण तो लगेच बोलत नाही. तू लगेच बोलला असतास. मला उत्तर नकोच होतं. रोज गुडघे टेकून मी फक्त दिवस पुढे ढकलत होतो.”

असं स्वतःबद्दल बोलताना मी कुठल्याही माणसाला ऐकलेलं नाही, देव मानणाऱ्याला नाही आणि न मानणाऱ्यालाही नाही. माझी तयार ठेवलेली उत्तरं मी सोडून दिली. कारण मी तरी दुसरं काय करत होतो? तो प्रार्थनेने दिवस ढकलत होता, मी मोज्यांनी.

तो उठला. “मॅनेजरच्या खोलीपर्यंत सोड मला. बाहेर उन्हात गेलं की काहीच दिसत नाही.”

माझ्या कोपराला धरून तो अंगण ओलांडून आला. दारापाशी त्याने हात काढून घेतला आणि आत गेला. दार पुरतं लागलं नव्हतं. डोळे, तक्ता, तीन नंबरचा साचा, सगळं त्याने क्रमाने सांगितलं, फळ्यावर लिहायचा तसं, जास्तीचा शब्द नाही. शेवटी मॅनेजरने विचारलं, “सिग्नलवाल्याला हे माहीत होतं?”

पाळक म्हणाला, “मी माझं सांगायला आलोय. त्याचं तो सांगेल.”

मला तिथून जाता आलं असतं. मॅनेजर खोदून विचारणारा माणूस नव्हता आणि पाळकाच्या तोंडून माझं नाव निघालं नसतं, हे मला पक्कं माहीत होतं. मी दारात उभा राहिलो. साचेवाल्याची पाठ डोळ्यांपुढून हलेना. मग दार ढकललं, आत गेलो आणि म्हणालो, “आठ महिने माहीत होतं मला.”

पाळकाला नमुन्यांच्या कोठारात काम दिलं. साचे घ्यायला लागणारे लाकडी नमुने तिथे रचून ठेवतात. तो ते हाताने ओळखतो, डोळस माणसापेक्षा लवकर काढून देतो. मला सहा महिने सिग्नलवरून हटवलं, मग परत घेतलं. वर आता एक तरुण मुलगी बसते. नजर घारीची आहे, हात हलका आहे, तक्रार करायला जागा नाही. पाळकाचं मनन अजून होतं. तो सांगतो, भट्टीवाला लिहितो आणि शुद्धलेखनाची वाट लावतो.

एक नवीन गोष्ट मात्र पाळकाने सुरू केली. सुटी झाली की तो कोठाराच्या दाराशी मला गाठतो आणि विचारतो, “आज मला सांगायचं काही राहिलंय?” बहुतेक दिवस मी म्हणतो, शर्टाचं बटण चुकीचं लावलंयस, किंवा आज उगाच चिडलास. परवा काहीच सापडेना. मग जे आत होतं तेच बोललो.

“राहिलंय. तुझ्याशिवाय काम करायला मला आवडत नाही. तेव्हा गप्प बसलो त्याचंही कारण हेच होतं. बाकी कारणं सगळी नंतर जुळवलेली.”

तो माझ्या आवाजाच्या दिशेने वळला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “बरं झालं हे तेव्हा नाही बोललास. मी उतरलोच नसतो.”