मालकाच्या विमानातली रिकामी जागा

घाटंजीजवळच्या बंजारा तांड्यातला देवसिंग कापसाच्या जिनिंगच्या मालकाच्या विमानाची राखण करी. दोन माणसांचं ते लहानसं विमान जिनिंगमागच्या पडीत वावरात उतरे. एकदा उतरताना ते नालीत गेलं आणि चाकाचा दांडा मोडला. नवा दांडा मागवायचा सोडून मालकानं तोच जिनिंगच्या फिटरकडून वेल्डिंग करून घेतला.

देवसिंगला शंका आली ती त्यानंतर. एरवी उठसूट विमानानं नागपूर गाठणारा मालक आता जीपनं जायला लागला होता.

एक दिवस मालकानं त्याच्या हातावर पेढा ठेवला. "देवसिंग, उद्या विमानात बस. उमरखेडपर्यंत चक्कर मारून ये."

घरी मानीबाई हरखली. तिनं नवऱ्याचं ठेवणीतलं पागोटं काढलं. देवसिंगचा घास मात्र तोंडातच फिरत राहिला. ज्या मालकानं त्याला कधी जीपमध्ये बसवलं नाही, तो विमानात कायले बसवते?

सकाळी त्यानं विचारलंच, "मालक, तुमी काहून नाही बसत?"

"मले काम आहे."

देवसिंग पायलटकडे वळला. धरमसिंग तरुण होता, खोटं बोलायची सवय नसलेला. खाली बघत तो म्हणाला, "दुरुस्तीनंतर उडवून पाहायचंय. मागे वजन लागतं."

"मंग सरकीची पोती ठेवा ना! आन् साहेब, तुमीबी नका जाऊ."

मालकानं त्याला तिथल्या तिथं कामावरून काढलं. मागच्या जागेवर पोती बांधली. विमान उडालं, फिरून आलं आणि टेकताच दांडा तुटून उलथलं. सरकी वावरभर उधळली. मांडी मोडलेल्या धरमसिंगला बेशुद्धच यवतमाळच्या दवाखान्यात नेलं.

संध्याकाळी पोलीस तांड्यावर आले. "राखणीला हाच होता. बसायले नाही म्हणते, म्हणजे यानंच काही केलं," असं मालकानं सांगितलं होतं. तांड्याचा माणूस म्हटल्यावर फौजदाराला तेवढं पुरलं. कोठडीत मार खाताना देवसिंग एकच बोलत होता, "म्या हात नाही लावला."

शुद्धीवर आल्यावर धरमसिंगनं जबाब दिला, दांडा वेल्डिंगपाशीच तुटला. देवसिंग सुटला. मालकाला कोणी काही विचारलं नाही.

पुढे देवसिंग घरची शेतीच करत राहिला. एकदा कापूस वेचताना मानीबाईनं हळूच विचारलं, "खरं सांगा, तुमी काही केलं तर नोतं ना?"

देवसिंगनं कमरेला बांधलेली कापसाची ओटी सोडली आणि वावराच्या कडेला धुऱ्यावर जाऊन बसला. तिनं आणलेली भाकर त्यानं त्या दिवशी खाल्ली नाही.