मंडळाची भांडी

परतूरला आमचं एक लहानसं धर्मादाय मंडळ होतं. त्यात काही व्यापारी, एक वकील आणि माझ्यासारखे दोन-तीन शाळामास्तर. गावातल्या कुणाच्याही लग्नाला पितळी पातेली, हंडे, पराती फुकट द्यायच्या, हे आमचं मुख्य काम. भांडी मारुतीच्या देवळामागच्या खोलीत असायची. किल्ली अध्यक्षांकडे आणि चिटणीस म्हणून मिरवायचा मान माझ्याकडे.

नव्वदच्या दशकात जालन्याला अशा संस्थांची परिषद भरली. अध्यक्ष आणि मी सकाळच्या गाडीनं गेलो. दुपारपर्यंत नुसते सत्कार चालले. ज्यानं शाल घातली त्याला पुढच्या फेरीत शाल मिळत होती, आणि तीही भर उन्हाळ्यात! माझं डोकं उठलं. जेवणानंतर मात्र मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या एक बाई बोलायला उभ्या राहिल्या. सुती साडी, आवाज बेताचा. त्यांनी एकेका संस्थेला उभं करून एकच प्रश्न विचारला, "तुमच्याकडे कोण येत नाही?"

आमची पाळी आली तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "आमची भांडी सगळ्या गावासाठी आहेत. जो येत नाही त्याला गरज नसेल." लोक हसले. बाई हसल्या नाहीत. "घरी गेल्यावर विचारून बघा," एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या संस्थेकडे वळल्या. मला राग आला. परतीच्या गाडीत अध्यक्षही कुरकुरले, "लई शिकवून राह्यली होती बाई."

पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. परतूरला उतरलो तर स्टेशनवरचा हमाल समोर आला. रुळांपलीकडच्या दलित वस्तीत राहायचा. त्याची थोरली मुलगी माझ्याच वर्गात शिकलेली, आणि तिचं लग्न तोंडावर आलं होतं. मी विचारलं, "भांड्यांचं काय केलंस?"

"जालन्याहून भाड्यानं आणून राह्यलो, गुरुजी."

"आणि मंडळाची का नाही?"

त्यानं डोक्यावरचं फडकं काढून तोंड पुसलं. "मागितली असती अन् तुम्ही न्हाई म्हणले असते, तर मंग रोज तुमच्यासमोरून जायचं कसं?"

इतक्या वर्षांत त्या वस्तीतून एकही माणूस भांडी मागायला आला नव्हता, आणि कुणी आलं नाही हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. मला मान वर करवेना.

"भाड्याचं रद्द कर. मी पाठवतो भांडी," मी म्हणालो.

तो लगेच हो म्हणाला नाही. "पोरीच्या लग्नात तमाशा नको, गुरुजी," म्हणाला. होणार नाही, असा मी शब्द दिला.

बैठकीत मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो, पण कुणी विरोधच केला नाही. "द्या की, कोण न्हाई म्हणून राह्यलं?" असं म्हणत अध्यक्षांनी किल्ली पुढे सरकवली. भांडी बैलगाडीतून रुळांपलीकडे गेली. मी पंगतीला बसून पोटभर जेवलो. अध्यक्षही आले, आहेर केला, उपवास आहे म्हणून सुपारी तेवढी घेतली. लग्नानंतर भांडी परत आली ती चिंचेनं आणि राखेनं लख्ख घासलेली. इतकी स्वच्छ आजवर कुणीच परत केली नव्हती. मला फार बरं वाटलं. त्या बाईंना पत्र लिहावं असंही मनात येऊन गेलं.

थोड्याच दिवसांनी शाळेतून येताना देवळामागून धूर दिसला. कल्हईवाला भाता चालवत बसला होता आणि आमची सगळी पातेली त्याच्यापुढे मांडलेली होती. कल्हई दरवर्षी दिवाळीआधी व्हायची, आणि हे तर वैशाखाचे दिवस. अध्यक्ष शेजारी खुर्ची टाकून बसले होते.

"आत्ता कशाला कल्हई?" मी विचारलं.

"पुतण्याचं लग्न हाय ना. लोक इचारतात, गुरुजी, ही भांडी कुठं कुठं जाऊन आली. कोणाकोणाला तोंड द्यायचं?"

त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. माझा चढला. भर रस्त्यात मी त्यांना नको नको ते बोललो, राजीनामा तोंडावर फेकीन म्हणालो. अध्यक्ष माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघत होते. मी वळलो तर तिथे हमाल उभा होता. एक लहान पातेलं त्याच्या घरी चुकून राहिलं होतं, ते द्यायला आला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

तो पुढे झाला, ओळीतल्या शेवटच्या पातेल्याशेजारी ते घासलेलं पातेलं नीट ठेवलं आणि कल्हईवाल्याला म्हणाला, "हे बी घ्या." मग माझ्याकडे वळला.

"आम्ही तर तुमची भांडी आली तशीच चुलीवर ठेवली होती, गुरुजी."