त्याची डावी, माझी उजवी

नऊ वर्षांची असताना मला गालगुंड झालं. आठ दिवसांत गाल उतरले, तापही गेला, पण जाताना माझा उजवा कान घेऊन गेला. ठार बंद. त्या बाजूला कोणी ताशा बडवला तरी मला नुसती हवा हलल्यासारखी वाटते. डॉक्टर म्हणाले, दुसरा शाबूत आहे ना, मग काही अडत नाही. अडत नव्हतंच म्हणा. वर्गात उजव्या भिंतीला चिकटून बसायचं, रस्त्याने चालताना सोबतच्या माणसाला डाव्या हाताला ठेवायचं, आणि तरीही ऐकू आलं नाही तर हसून मान हलवायची. ही मान हलवायची सवय इतकी अंगात मुरली होती की मी ती हलवते हे माझ्याही लक्षात येत नसे.

२०१८ च्या फेब्रुवारीत माझं लग्न ठरलं. त्याच्या आदल्या वर्षी एक स्थळ आलं होतं, ते कानावरून मोडलं. कोणीतरी त्यांना जाऊन सांगितलं, आणि चार दिवसांत त्यांचा निरोप आला की मुलाला इतक्यात करायचं नाही. आईने ते फार मनाला लावून घेतलं. ती डहाणूच्या बाजारात मासे विकते. टोपलीत कुठला पापलेट वर ठेवायचा आणि कुठला खाली, हे तिला कोणी शिकवायला नको. तिने मला देवापुढे उभं केलं आणि सांगितलं की या वेळी तोंडाला कुलूप, लग्न होऊ दे, मग काय ते सांग, नंतर कोण कान तपासायला येतंय. मी शपथ घेतली. मला ते पटलं नव्हतं, पण घेतली. खोटं कशाला बोलू?

मुलगा झाईचा. तलासरी तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव, पुढे गुजरातच लागतो. आमच्यातलाच, पण होडीवर न जाता उंबरगावच्या कारखान्यात नोकरीला. मला तो पहिल्या भेटीतच आवडला होता. रोज संध्याकाळी आमचं फोनवर बोलणं व्हायचं आणि फोनवर मी कोणाहून कमी नाही, कारण फोन डाव्या कानाला. माझ्या लॅबबद्दल तो पुष्कळ विचारायचा. मी डहाणू रोडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची. सकाळी सातला पहिलं रक्त घ्यायचं. लहान पोरांची शीर मला पहिल्याच टोचणीत सापडते. पोरगं रडायला तोंड उघडेपर्यंत माझं काम झालेलं असतं. आमच्या सगळ्या भावकीत बाजारात न बसता पगार घेणारी मी पहिली बाई. ती नोकरी म्हणजे माझा जीव होती. हे त्याला मी सांगितलंही होतं, असं मला वाटत होतं.

फोटोंची हौस त्याची. साखरपुड्याच्या हॉलबाहेर आमचा दोघांचा मोठा फोटो लावायचा, आणि तो बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, डोंगरावर काढायचा. जन्मल्यापासून समुद्र बघतोय, म्हणाला, फोटोत तरी डोंगर येऊ दे. माझे बाबा म्हणाले, डोंगरात काय आहे, माकडं. पण हसत हसत हो म्हणाले. स्टेशनजवळच्या एका फोटोग्राफरला ठरवलं. त्याने एक वही आणली होती, आणि तीत काड्यांची माणसं काढून प्रत्येक फोटो आखलेला. परवानगी रविवार सकाळच्या दोनच तासांची, म्हणाला, तिथे जाऊन विचार करत बसायला वेळ नाही, सगळं इथेच ठरलं पाहिजे.

वहीतल्या प्रत्येक चित्रात मुलगी मुलाच्या डाव्या हाताला होती. म्हणजे तो माझ्या उजवीकडे.  मी म्हटलं, दुसऱ्या बाजूने उभी राहिले तर? फोटोग्राफर म्हणाला, ताई, बायको डावीकडेच. लग्नातही तशीच उभी राहणार ना, मग हॉलच्या दारात उलटा फोटो लावला तर म्हातारी माणसं मला शिव्या घालतील. मी सांगून पाहिलं की माझा चेहरा त्या बाजूने चांगला येतो. त्याने मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, दोन्ही बाजूंनी सारखाच आहे. सगळे हसले. मीही हसले. मनात मात्र हिशेब चालू होता की आज फोटोत, मग मांडवात, मग आयुष्यभर प्रत्येक कार्यात हा माणूस माझ्या मेलेल्या कानाशी उभा राहणार.

पार्कात गोंधळ नको म्हणून त्याआधीच्या रविवारी फोटोग्राफरने सगळ्या पोझ बसवून घ्यायला आम्हाला महालक्ष्मीच्या गडावर बोलावलं. चढ आहे, पायऱ्या आहेत, लांबवर डोंगर दिसतात, तिथलं सगळं इथे जमेल असं त्याचं म्हणणं. गाडी माझा होणारा नवरा चालवत होता, शेजारी त्याची मोठी बहीण. आम्हा दोघांना एकटं कसं सोडायचं म्हणून तिला पाठवलेली. मी धावत जाऊन त्याच्या मागची खिडकी धरली, उजवा कान काचेला. फोटोग्राफर माझ्या डावीकडे. गंजाडच्या पुढे जाईपर्यंत मी सगळ्यांना उत्तरं देत होते आणि स्वतःवर खूश होते. हा रविवार आणि पुढचा रविवार निभावला की झालं, असं मी मनाशी घोकत होते.

गडाच्या पायऱ्यांवर अर्ध्या वाटेत फोटोग्राफरने आम्हाला उभं केलं. मला नवऱ्या मुलाच्या डाव्या हाताला. स्वतः तीस-चाळीस पायऱ्या खाली गेला आणि तिथून ओरडायला लागला. वारा होता. त्याची ताई मध्ये उभी राहून त्याचं म्हणणं आमच्यापर्यंत पोहोचवत होती. एकमेकांकडे बघायचं नाही, समोर लांब बघायचं. आणि बोलत राहायचं, तोंड हललं की चेहरा सैल पडतो. काय बोलायचं, असं याने वरून विचारलं. काहीही बोला, पाढे म्हणा, असं उत्तर आलं.

एरवी कोणी उजवीकडून बोललं तर मी त्याच्या ओठांकडे बघते, निम्मं कळतं. इथे ओठांकडे बघायची चोरी. तो बोलायला लागला. माझ्या उजव्या गालावर त्याचा श्वास लागत होता, एवढंच मला कळत होतं. मला वाटलं, पाढे म्हणतोय. बेच्या पाढ्याला मी हसले. मग तो थांबला, म्हणून मी मान हलवली. तो पुन्हा बोलला, या वेळी थोडंच. मी आणखी हसले आणि जोरात मान हलवली. खालून फोटोग्राफरने अंगठा वर केला. याने माझा हात दाबला, आणि मला वाटलं, किती छान चाललंय सगळं.

मग पाणी प्यायला थांबलो. तो फोटोग्राफरचा कॅमेरा बघायला खाली गेला. ताईने घोलवडचे चिकू आणले होते, ती मला एक सोलून देत म्हणाली की बरं झालं बाई, इतके दिवस याचा विचारायचा धीर होत नव्हता. मी म्हटलं, काय? या वेळी ती डावीकडे होती, मला प्रत्येक शब्द ऐकू आला. लग्नानंतर नोकरी सोडशील का म्हणून. आईच्या गुडघ्यांनी आता उभं राहवत नाही, बोंबील वाळवायला, घरात बघायला कोणीतरी लागणार. तू लगेच हो म्हणालीस, त्याने आत्ताच सांगितलं. मी आईला फोन करूनसुद्धा सांगितलं, ती रडलीच.

चिकू माझ्या हातातच राहिला.  आधी राग आला तो त्याचा. अशी गोष्ट कोणी फोटो काढताना विचारतं? मग स्वतःचा आला, आणि मग आईचा, फार. मी पुढचं सगळं डोळ्यांसमोर बघत होते. गप्प बसले तर कान झाकलेला राहील, लग्न होईल, आणि जूनपासून मी झाईच्या अंगणात बांबूंवर बोंबील टांगत असेन. त्या कामात कमीपणा नाही, माझ्या आजीने जन्मभर तेच केलं. पण ते मी निवडलेलं नव्हतं. आणि बोलले तर हेही स्थळ मोडेल. साखरपुड्याला चौदा दिवस होते. आईने नातेवाइकांना सांगून झालं होतं.

फोटोग्राफरने पुन्हा उभं केलं. तोच फोटो, तीच बाजू, समोर लांब बघायचं. तो माझ्या उजवीकडे येऊन उभा राहिला आणि पुन्हा गालावर श्वास लागायला लागला. मी वळले आणि थेट त्याच्याकडे बघितलं. खालून ओरडा झाला की समोर, समोर. मी मान परत वळवली नाही.

"मी हो म्हटलं नव्हतं," मी म्हटलं.

त्याला कळेना. म्हणाला, मान हलवलीस की दोनदा.

"मला ऐकूच आलं नाही. या कानाने मला काही ऐकू येत नाही. लहानपणापासून. मला वाटलं तू पाढे म्हणतोयस."

तो माझ्या कानाकडे बघत राहिला. बघून काय दिसणार, कानात माझी सोन्याची बुगडी होती आणि बाकी सगळं शाबूत. मी त्याच्या चेहऱ्यावर दया शोधत होते, नाहीतर किळस. ती दोन्ही मला ओळखीची आहेत. पण तो चिडला होता. त्याचा आवाज चढला तेव्हा मला ओठ बघायचीही गरज राहिली नाही.

"मग या दोन महिन्यांत किती वेळा न ऐकता हो म्हणालीस?"

बऱ्याच वेळा, मी म्हटलं. हॉलचं, पत्रिकेचं, जेवणात काय ठेवायचं त्याचं. तुमच्या घरी आले होते तेव्हा तर जवळजवळ सगळंच.

"आणि लग्नाचं? आमच्या ओट्यावर विचारलं होतं, तेव्हा?"

त्याच्या ओठांचा रंग उतरला होता. त्याला एवढी भीती वाटत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतका वेळ मला वाटत होतं की हरवायचं ते माझंच आहे.

"तेव्हा तू डावीकडे होतास," मी म्हटलं. "तू विचारणार हे कळलं होतं. मी मुद्दाम तशी बसले होते."

तो खाली पायरीवर बसला. ताईने खालून विचारलं, काय झालं रे. त्याने हातानेच तिला थांबवलं. मग मला म्हणाला, नोकरीचं आता सांग. मी सांगितलं की नाही सोडणार. आईंचं आपण दोघं मिळून बघू, सकाळची पाळी संपवून मी दुपारी घरी असते, पण सोडणार नाही. त्याने खिशातून फोन काढला आणि आईला लावला. मी अगदी जवळ उभी होते.

आई, ते मघाशी ताईने सांगितलं ना, तसं नाहीये, तो म्हणाला. नोकरी ती सोडणार नाही. ऐकण्यात चूक झाली. मग थोडा थांबला आणि म्हणाला, "माझी."

मला त्या क्षणी तो इतका आवडला की छातीत दुखलं. आणि त्याच वेळी कळलं की आता गप्प बसले तर हाही माझ्या आईसारखा माझा कान झाकत बसेल, जन्मभर. मी त्याच्या हातातून फोन घेतला.

त्याच्या आईचा आवाज खणखणीत आहे, बोलण्यात निम्मं गुजराती. बोल नी, म्हणाली. मी म्हटलं, मावशी, चूक त्याची नाही, मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. त्याने विचारलं ते मला कळलं नाही आणि मी मान हलवली. नोकरी मला सोडायची नाही. तुम्हाला यातलं काही चालणार नसेल तर आज सांगा, अजून साखरपुडा झालेला नाही.

एवढं मी एका दमात बोलले. पलीकडे कोणीतरी कावळे हाकलत होतं.  मग ती म्हणाली की नोकरीचं तिला कळलं, तिचे दोन्ही कान चांगले आहेत. मला हसावं की रडावं समजेना. त्यानंतर तिने मला ज्याची भीती होती तेच विचारलं.

"तुझ्या आईला माहीत होतं?"

मला आई दिसली, बाजारात टोपली पुढे घेऊन बसलेली, आदल्या वर्षी तो निरोप आला तेव्हा कोणाशी न बोलता मासे कापत राहिलेली. म्हटलं, आई सांगणार होती, मावशी, पहिल्याच दिवशी सांगणार होती, मीच तिला सांगू दिलं नाही.

 मी फोन कानाशी इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला.

"खोटं बोलतेस," ती म्हणाली. "माझी पोर असती तर मीही लपवलं असतं."