टर्बो आणि शेजारची सीट

काल गॅरेजमध्ये माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारचं बॉनेट उघडं होतं. थकलेलं इंजिन काढून ठेवलं होतं आणि त्या रिकाम्या जागेतून खालची फरशी दिसत होती. माझी बायको शरयू वाकून बघत राहिली. "केवढी जागा आहे हो इथं!"

त्या जागेत टर्बो इंजिन बसवायची माझी फार वर्षांची हौस. तेवढ्यापुरते पैसे मी साठवलेही होते. पण मेकॅनिक म्हणाले, "साहेब, ताकद वाढली की क्लच, रेडिएटर, ब्रेक, सगळंच बदलावं लागतं." माझं बजेट तिथंच कोलमडलं.

"ब्रेक पुढच्या वर्षी बघू," मी पुटपुटलो.

"अजिबात नाही," शरयू म्हणाली. "यंदा केरळला नको जाऊ या. ते पैसे ब्रेकला घाला. शेजारी मीच बसणार आहे ना?"

खर्च आवळायचा झाला की माणूस आधी हौसेवर काट मारतो, आणि तीही बहुधा दुसऱ्याच्या. शरयूनं स्वतःची सहल सोडली आणि माझी हौस राखली. इतकी वर्षं मला वाटायचं, ही गाडी ती माझ्यासाठी नुसती सोसते. त्या उघड्या बॉनेटपाशी मला एकदम भरून आलं. आभार मानायचे सोडून मी मेकॅनिकना नुसतंच "चालेल" म्हणालो.

घरी परतताना रिक्षात ती माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "अहो, पळेल किती जोरात?"