गिळलेला 'हाय'

पडघ्याजवळच्या एका गोदामात मी डिस्पॅचच्या टेबलावर कामाला लागले, तेव्हा इंग्रजी मेलची मला धास्ती वाटायची. माझं सगळं शिक्षण मराठी शाळेतलं. पहिल्याच महिन्यात एका पार्टीला, तुमची खोकी भिजलीत, हे कळवताना मी 'your' च्या जागी 'you're' लिहिलं. त्यांनी उलट विचारलं, "आम्ही खोकी आहोत का?"

साहेबांनी ते ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळे हसले. मीही हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

"यापुढे मला दाखवल्याशिवाय एकही मेल जायचा नाही," साहेब म्हणाले.

संध्याकाळी घरी वही घेऊन बसले. आई शेजारीच बिरड्यासाठी वाल सोलत होती.

"काय घोकतेस गो मगापासून?"

"एक युअर म्हणजे 'तुझं'. दुसरं म्हणजे 'तू आहेस'. ते 'यू आर' बोलताना आखडतं आणि दोन्ही सारखीच ऐकू येतात. लिहिताना माझा गोंधळ होतो."

चौथी शिकलेली आई म्हणाली, "तेच्यात काय येवढं? आपण 'बाबा आला हाय' बोलतो का? 'आलाय' बोलतो. हाय गिळतो. जिथं गिळलाय, तिथं खूण कर."

मी वहीत पाहिलं. खूण तिथे होतीच, तो वरचा स्वल्पविराम. तेव्हापासून वाक्य लिहिलं की मनात आधी 'हाय' घालून बघायचे. 'तू हाय खोकी भिजलीत.' बसतच नाही! ऑफिसात मी जपून 'आहे' म्हणायचे, पण उपयोगी पडला तो घरचा 'हाय'च.

काही महिन्यांनी साहेबांनी स्वतःचा एक मेल आकडे भरायला माझ्याकडे दिला. ट्रॉलीचं चाक निखळल्याचं त्यात होतं: 'The trolley lost it's wheel.' धीर करून बोलले.

"सर, इथे वरचा स्वल्पविराम नको."

"का? मालकी दाखवायला लागतो ना?"

"नावाला लागतो, 'its' ला नाही. उलगडून वाचा ना. 'ट्रॉलीनं ते आहे चाक गमावलं' असं होतंय."

त्यांनी दोनदा वाचलं. "खरंच की! हे कुणी शिकवलं?"

"आईनं."

"टीचर आहेत?"

"नाही, शेतावर जाते."

त्यांनी ती खूण खोडली आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "बाकीचाही बघून घ्या, मॅडम."

मी खुर्ची पुढे ओढली.